काळी रेघ ते सीएमई: सौर फिलामेंटचा उद्रेक टप्प्याटप्प्याने कसा वाचायचा

सूर्याच्या एच-अल्फा (हायड्रोजनच्या लाल वर्णरेषेतल्या) चित्रात बिंबावर एखादी काळसर, वळणदार रेघ दिसते. तिला फिलामेंट म्हणतात. सूर्य फिरत फिरत तीच वस्तू कडेवर आली की काळ्या आकाशासमोर तेजाळ कमान होऊन दिसते, आणि मग तिचं नाव प्रॉमिनन्स. नावं दोन, वस्तू एक. आतला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) साधारण ७,५०० ते ९,००० केल्विनचा. भोवतालचा कोरोना, म्हणजे सूर्याचा किरीट, १० ते २० लाख केल्विनचा. आतली घनता बाहेरच्यापेक्षा शंभरपटीच्या घरात. एवढा थंड आणि जड ढग हजारो किलोमीटर उंचीवर आठवडेच्या आठवडे टिकतो. तो खाली कोसळत नाही आणि भोवतीच्या उष्णतेने विरूनही जात नाही. दोन्हींचं कारण चुंबकीय क्षेत्र. आडव्या बलरेषा मध्ये झोळीसारख्या खोल गेलेल्या असतात, त्या झोळीत माल साचतो. आणि प्लाझ्मात उष्णता बलरेषांना आडवी जवळजवळ वाहतच नाही, म्हणून शेजारचा तप्त कोरोना त्याला तापवू शकत नाही.

आपल्याला दिसतो तो झोळीत अडकलेला माल. उद्रेक होतो तो मात्र ती झोळी ज्या चुंबकीय दोराचा, म्हणजे पीळ घेतलेल्या बलरेषांच्या जुडग्याचा, भाग आहे त्या दोराचा. तो सुटून सूर्यापासून बाहेर फेकला जातो त्या प्लाझ्माच्या ढगाला सीएमई म्हणतात. काळी रेघ नाहीशी झाली म्हणून दोर सुटला असं होत नाही, आणि रेघ जागेवर असताना दोराचा वरचा पदर सुटून जाऊ शकतो. खालच्या प्रत्येक पायरीवर हा फरक डोळ्यांसमोर ठेवा. बहुतेक चुका तो विसरल्याने होतात.

हाताशी काय हवं

घरी दुर्बीण नसली तरी सगळं काम मोफत उपलब्ध असलेल्या विदेवर (डेटावर) होतं.

एच-अल्फासाठी गाँग जाळं. उदयपूर, लर्मंथ, तेईदे, सेर्रो तोलोलो, बिग बेअर आणि मौना लोआ अशा सहा ठिकाणी सारखीच उपकरणं आहेत, त्यामुळे जगात कुठे ना कुठे सूर्य वर असतोच. चालू असलेल्या प्रत्येक ठिकाणाहून मिनिटाला एक चित्र मिळतं.

अतिनील चित्रांसाठी एसडीओ या यानावरचं एआयए. यान ११ फेब्रुवारी २०१० रोजी सुटलं. चित्र ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं, पिक्सेल ०.६ आर्कसेकंदाचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), दर १२ सेकंदांनी एक चित्र. पट्ट्यांची नावं अँगस्ट्रॉममधल्या तरंगलांबीवरून पडली आहेत. ३०४ मध्ये सुमारे ५०,००० केल्विनचा माल दिसतो, १७१ मध्ये ६ ते ७ लाखांचा, १९३ मध्ये १२ ते १५ लाखांचा, आणि ९४ मध्ये ज्वालेने (फ्लेअर, म्हणजे अचानक होणारा तेजस्वी स्फोट) तापलेला ६० लाखांच्या वरचा. त्याच यानावरचं एचएमआय पृष्ठभागाच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा देतं, म्हणजे मॅग्नेटोग्राम. दृष्टिरेषेतला घटक दर ४५ सेकंदांनी, पूर्ण दिशेसह क्षेत्र दर १२ मिनिटांनी.

बाहेर पडलेला ढग पाहायला सोहो या यानावरचं लॅस्को, म्हणजे बिंब झाकून भोवतालचा कोरोना टिपणारा कोरोनाग्राफ: सी२ मध्ये सुमारे २ ते ६ सौरत्रिज्या, सी३ मध्ये ३.७ ते ३०. दुसऱ्या कोनातून पाहायला स्टिरिओ-ए. हे यान ऑगस्ट २०२३ मध्ये सूर्य-पृथ्वी रेषेवर आलं होतं आणि दरवर्षी सुमारे २२ अंशांनी पुढे जातं. काम करण्याच्या दिवशी ते कुठे आहे हे आधी बघून घ्या. शेवटी, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूवरची सौरवाऱ्याची मोजमापं.

हे सगळं एकावर एक ठेवून बघायला हेलिओव्ह्यूअर संकेतस्थळ आणि जेहेलिओव्ह्यूअर प्रोग्रॅम पुरेसे आहेत. आकडे काढायचे असतील तर पायथनमधलं सनपाय.

स्वतःची दुर्बीण वापरणाऱ्यांसाठी थोडं जास्त. सौर एच-अल्फा दुर्बिणीच्या फिल्टरची पट्टी ०.७ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून अरुंद असेल तर बिंबावरचं फिलामेंट ठसठशीत दिसतं. १ अँगस्ट्रॉमला ते पुसट होतं, कडेवरचे प्रॉमिनन्स मात्र दिसतात. पांढऱ्या प्रकाशाच्या फिल्मने फिलामेंट कधीच दिसणार नाही. आणि तेजोमेघांची छायाचित्रं घ्यायला जो ‘एच-अल्फा’ फिल्टर मिळतो तो सूर्यासाठी अजिबात वापरू नका. त्याची पट्टी ३० ते ७० अँगस्ट्रॉम असते, तो उष्णता अडवत नाही, आणि त्यातून पाहिलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

कॅमेरा कृष्णधवल घ्या. बिंबासाठी ५ ते १५ मिलिसेकंद, कडेवरच्या प्रॉमिनन्ससाठी त्याच्या काही पट. दर मिनिटाला ३०० ते ५०० फ्रेमची एक फीत, त्यातल्या उत्तम १० ते १५ टक्के फ्रेम रचायच्या. एक फीत २० सेकंदांपेक्षा लांबवू नका: सेकंदाला १०० किलोमीटरने निघालेला भाग तेवढ्यात २,००० किलोमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ ३ आर्कसेकंद, आणि रचलेलं चित्र फरफटतं. ४० मिलिमीटरच्या भिंगाची भेदनक्षमता ४ आर्कसेकंदांच्या आसपास असल्याने तिथे ही फरफट खपते. १०० मिलिमीटरला लगेच कळते. चित्रात गोल-गोल पट्टे उमटले तर कॅमेरा किंचित तिरका करा. दिशा ठरवायला दुर्बिणीची मोटर बंद करा: सूर्य ज्या बाजूला सरकतो ती पश्चिम. मग त्या दिवसाचा पी-कोन (आकाशातल्या उत्तरेपासून सूर्याचा अक्ष किती कललेला दिसतो तो कोन) पाहून चित्र फिरवा. तो वर्षभरात उणे ते अधिक २६.३ अंशांपर्यंत बदलतो, त्यामुळे ‘वरची बाजू म्हणजे उत्तर’ असं धरून चालत नाही.

पायरी १: रेघ फिलामेंटचीच आहे ना?

१९३ मध्ये दोन गोष्टी काळ्या दिसतात, फिलामेंट आणि कोरोनल होल. सगळ्यात जास्त गफलत इथे होते. एच-अल्फा चित्र शेजारी ठेवा: फिलामेंट तिथेही काळं दिसेल, होल दिसणार नाही. मग मॅग्नेटोग्राम पाहा: होलच्या खाली जवळजवळ एकाच ध्रुवतेचं क्षेत्र असतं, तर फिलामेंट नेमकं दोन ध्रुवतांच्या सीमेवर पडलेलं असतं.

एच-अल्फात फिलामेंट नीट निरखलं तर एक लांब कणा आणि त्याला बाजूने फुटलेले, तिरके खाली उतरणारे पाय दिसतात. या पायांना बार्ब म्हणतात. कण्याच्या आतही बारीक धागे असतात, आणि ते कण्याला समांतर नसून त्याच्याशी थोडा कोन करून असतात. हा कोन महत्त्वाचा, कारण बलरेषा कण्याच्या लांबीने धावत किंचित आडव्या होतात याची ती डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

पायरी २: खालचं चुंबकीय क्षेत्र लावा

एचएमआयच्या चित्रात पांढरं म्हणजे धन ध्रुवता, क्षेत्र आपल्याकडे येणारं. काळं म्हणजे ऋण, आपल्यापासून दूर जाणारं. त्यांच्यामधल्या सीमेला तटस्थ रेषा म्हणतात. फिलामेंटच्या कण्याची रूपरेषा या चित्रावर टाका. ती तटस्थ रेषेवर बसली पाहिजे. बसत नसेल तर बहुधा दोन चित्रांच्या वेळा जुळत नाहीत: बिंबाच्या मध्यावर सूर्यपृष्ठ तासाला सुमारे १० आर्कसेकंद सरकतं, म्हणजे तीन तासांच्या फरकाने रेघ अर्ध्या कलेने (३० आर्कसेकंदांनी) हलते.

शांत प्रदेशात क्षेत्र विरळ आणि ठिपक्याठिपक्यांचं असतं, तटस्थ रेषा शोधणं अवघड जातं. ४५ सेकंदांच्या एका चित्रात गोंगाटच १० गाउसच्या (गाउस हे क्षेत्राच्या ताकदीचं एकक) आसपास असतो. १२ मिनिटांचं चित्र घ्या, धूसर करा, आणि मग कुठल्या बाजूला कुठली ध्रुवता वरचढ आहे ते बघा.

बिंबाच्या मध्यापासून ६० अंशांच्या पलीकडे दृष्टिरेषेच्या मॅग्नेटोग्रामवर विसंबू नका. तिथे तिरक्या बलरेषांमुळे खोटी ध्रुवता उमटते. डागाच्या कडेकडच्या अर्ध्यात उलटा रंग दिसतो आणि नसलेली तटस्थ रेषा तयार होते. फिलामेंट पश्चिम कडेकडे गेलं असेल तर ते मध्यावर होतं त्या दिवसाचं चित्र काढा. सूर्य दिवसाला साधारण १३ अंश फिरताना दिसतो, तेवढ्यावरून तारीख निघते.

पायरी ३: पीळ कुठला ते ठरवा

ही पायरी बरेच जण गाळतात. पृथ्वीवर काय होणार हे मात्र बरंचसं इथेच ठरतं.

कण्यावरून रस्त्यावरून जावं तसे मनाने चाला. बार्ब उजव्या हाताच्या फाट्यासारखे निघत असतील तर फिलामेंट डेक्स्ट्रल, डाव्या हाताच्या फाट्यासारखे असतील तर सिनिस्ट्रल. कण्याच्या कुठल्याही टोकाकडून निघालात तरी उत्तर तेच येतं, म्हणून ही कसोटी भरवशाची आहे. आता धन बाजूला उभे राहून फिलामेंटकडे तोंड करा: डेक्स्ट्रलमध्ये कण्यातलं क्षेत्र तुमच्या उजवीकडे जातं, सिनिस्ट्रलमध्ये डावीकडे.

गोंधळ होतो तो पिळाच्या नावात. डेक्स्ट्रल फिलामेंटच्या दोराला डाव्या हाताचा पीळ असतो आणि सिनिस्ट्रलला उजव्या हाताचा. उलटं वाटतं, पण तसंच आहे. वहीत दोन्ही शब्द लिहून ठेवा.

उत्तर गोलार्धात बहुतेक फिलामेंट्स डेक्स्ट्रल, दक्षिणेत बहुतेक सिनिस्ट्रल. सौरचक्र बदललं, डागांची ध्रुवता उलटली, तरी हा नियम उलटत नाही. शांत प्रदेशातल्या मोठ्या फिलामेंट्सना तो चांगला लागू पडतो. डागांच्या जवळच्यांना कमी. म्हणून नियमावरून अंदाज करा, पण निर्णय बार्ब पाहूनच.

आणि हा पीळ उद्रेकाने संपत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते इथे शब्दशः खरं आहे: फिलामेंटचा माल तापून दिसेनासा होतो, आकार फुगून सौरत्रिज्यांत मोजावा लागतो, पण दोराचा पीळ डावा असेल तर पृथ्वीजवळ पोहोचेपर्यंत डावाच राहतो.

पायरी ४: दोरावरचं छप्पर तपासा

दोर आतल्या विद्युतप्रवाहामुळे वर जाऊ पाहतो. त्याला खाली दाबून धरतात त्या वरून पलीकडे जाणाऱ्या बलरेषांच्या कमानी; १७१ आणि १९३ मध्ये त्यांतल्या काही दिसतात. छप्पर उंचीनुसार किती झपाट्याने विरळ होतं यावर दोर सुटणार की अडकणार हे अवलंबून असतं. हे मोजणाऱ्या आकड्याला ऱ्हासांक म्हणू. क्लिम आणि टोरोक यांनी २००६ मध्ये दाखवलं की वेटोळ्याच्या आकाराचा दोर ज्या उंचीवर ऱ्हासांक १.५ च्या वर जातो तिथे पोहोचला की तोल जातो आणि तो आपल्याआप वर धावतो.

कोरोनातलं क्षेत्र थेट मोजणं कठीण, म्हणून मॅग्नेटोग्रामवरून वरचं क्षेत्र गणिताने उभं करतात. सगळ्यात सोपी रीत विभव क्षेत्राची, म्हणजे कोरोनात विद्युतप्रवाह नाहीच असं धरून काढलेल्या क्षेत्राची, आणि तिच्यात २.५ सौरत्रिज्यांवर बलरेषा सरळ बाहेर वळतात असं मानतात. त्यातून तटस्थ रेषेच्या वरच्या क्षेत्राचा आडवा घटक वेगवेगळ्या उंचीवर काढा. समजा ४०,००० किलोमीटरवर २० गाउस, ६०,००० वर १२ आणि ८०,००० वर ७.५ आले.

पहिल्या जोडीसाठी: क्षेत्रांच्या गुणोत्तराचा लॉग भागिले उंचींच्या गुणोत्तराचा लॉग, म्हणजे ०.५११ भागिले ०.४०५, उत्तर १.२६. दुसऱ्या जोडीसाठी ०.४७० भागिले ०.२८८, उत्तर १.६३. हे आकडे त्या-त्या जोडीच्या मधल्या उंचीचे, सुमारे ४९,००० आणि ६९,००० किलोमीटरचे. मध्ये रेघ ओढली की १.५ हा आकडा साधारण ६२,००० किलोमीटरवर येतो. तुमचं फिलामेंट ३५,००० वर असेल तर अजून वाव आहे; ५५,००० वर चढलं असेल तर डोळ्यात तेल घालून बघा.

१.५ हा आकडा दगडावरची रेघ नाही. दोराच्या आकारानुसार तो थोडा खाली-वर होतो. शिवाय मोजायचा तो बाहेरचा दाब. दोराचं स्वतःचं क्षेत्र त्यात मिसळलं तर उत्तर बिघडतं, आणि विभव क्षेत्र घेण्याचा फायदा हाच की दोर त्यात येत नाही. आडव्याऐवजी एकूण क्षेत्र घेण्याची चूकही नेहमीची.

पिळाचं प्रमाण वाढूनही दोर बिघडतो. बलरेषा अक्षाभोवती एक-दीड वेढ्यांहून जास्त फिरू लागल्या की दोर मुरगळतो, जसा हातातला दोर जास्त पीळ दिल्यावर गाठीसारखा उठतो तसा. २७ मे २००२ रोजी ट्रेस या यानाने टिपलेला उद्रेक याचं नामी उदाहरण: फिलामेंट उठलं, मुरगळलं, आणि वरच्या छपराखाली अडकून थांबलं. सीएमई झालाच नाही. मुरगळणं दोराला उठवू शकतं, पण छप्पर विरळ नसेल तर बाहेर काढू शकत नाही.

पायरी ५: आधीच्या खुणा

उद्रेकाच्या काही तास, कधी एक-दोन दिवस आधी पुढच्या गोष्टी दिसतात. सगळ्या एकदम दिसत नाहीत.

- कणा रुंद आणि गडद होतो, आतला माल मागे-पुढे हलू लागतो.
- बार्ब एकेक करून सुटतात किंवा आखूड होतात.
- तटस्थ रेषेवर विरुद्ध ध्रुवतेचे ठिपके एकमेकांत जाऊन विझतात. याने खालच्या दाव्या तुटतात आणि दोराला आणखी बलरेषा मिळतात.
- शेजारी नवं क्षेत्र वर येतं.
- फिलामेंटच्या खाली ३०४ आणि १६०० (एआयएचाच आणखी एक पट्टा) मध्ये छोटे लखलखाट होतात.
- कडेवर असेल तर प्रॉमिनन्सभोवतीची अंधारी पोकळी, १९३ मध्ये दिसणारी, गोलाकार सोडून खाली निमुळती, थेंबासारखी होते.

पण खरी खूण म्हणजे सावकाश चढण. ती मोजायची कशी ते नीट पाहू, कारण घाईत केलेलं मोजमाप इथे हमखास फसवतं.

एक आर्कसेकंद म्हणजे सूर्यावर साधारण ७२५ किलोमीटर, म्हणून एआयएचा एक पिक्सेल ४३५ किलोमीटरचा. समजा कडेवरच्या प्रॉमिनन्सचं टोक कडेपासून ८० पिक्सेल होतं, दहा मिनिटांनी ८३. तीन पिक्सेल म्हणजे १,३०५ किलोमीटर, भागिले ६०० सेकंद, वेग २.२ किलोमीटर प्रति सेकंद. पण टोक नेमकं कुठे हे ठरवण्यात प्रत्येक वेळी दोनेक पिक्सेलची चूक होतेच. दोन मोजमापांची मिळून जवळजवळ तीन पिक्सेल. म्हणजे वेगाएवढीच चूक! हा आकडा काहीच सांगत नाही. तेच मोजमाप एका तासाच्या अंतराने केलं तर चूक ०.३ किलोमीटर प्रति सेकंदावर येते आणि २.२ हा वेग खात्रीचा ठरतो. सावकाश चढणीचे वेग सेकंदाला किलोमीटरच्या दशांशापासून दहाएक किलोमीटरपर्यंत असतात, म्हणून तिच्यासाठी तासांचं अंतर ठेवा आणि वेग वाढल्यावर मिनिटांवर या. पुढे दहा मिनिटांत १२ पिक्सेल (८.७ किलोमीटर प्रति सेकंद) आणि मग ६० पिक्सेल (४३.५) असे आकडे आले, की जलद टप्पा सुरू झाला.

उंची-वेळेचा आलेख काढताना सूर्याचं फिरणं विसरू नका. प्रॉमिनन्स कडेच्या १० अंश मागे किंवा पुढे असेल तर खरी उंची दिसणाऱ्या उंचीपेक्षा १०,००० किलोमीटरहून जास्त असते. त्यामुळे पूर्व कडेवर फक्त फिरण्याने वर येत असलेलं फिलामेंट ‘चढतंय’ असं वाटतं. सौरकेंद्रापासूनचं अंतर घ्या, कडेपासूनच्या कोनाच्या कोसाइनने भागा, त्यातून सौरत्रिज्या ६,९५,७०० किलोमीटर वजा करा.

पायरी ६: उद्रेक चालू असताना

एच-अल्फाची रेषा ६५६२.८ अँगस्ट्रॉमवर आहे. एक अँगस्ट्रॉमचं सरकणं म्हणजे सेकंदाला ४५.७ किलोमीटर. तुमच्या फिल्टरची पट्टी अर्धा अँगस्ट्रॉम असेल तर वीसेक किलोमीटर प्रति सेकंदाने तुमच्याकडे येणारं फिलामेंट पट्टीच्या बाहेर जातं. चित्रात ते विरघळल्यासारखं होतं, मध्यापासून टोकांकडे. कणा आधी फिकट, मग तुटक, मग खालची वर्णगोलाची (कोरोनाखालच्या थराची) जाळी त्यातून दिसू लागते. दोन्ही टोकं मात्र शेवटपर्यंत काळी राहतात, कारण दोर तिथे पृष्ठभागाला बांधलेला असतो. त्या क्षणी फिल्टर निळ्या बाजूला अर्धा अँगस्ट्रॉम सरकवा: हरवलेलं फिलामेंट परत काळं दिसलं तर ते वर येतंय. लाल बाजूला दिसलं तर माल खाली पडतोय. कुठेच दिसलं नाही आणि ३०४ मध्ये तिथे उजळ धागे जागच्या जागी आहेत, तर ते फक्त तापलंय, उद्रेक नाही. असं तापून गेलेलं फिलामेंट काही तासांत त्याच जागी परत दिसू शकतं.

पायरी ७: दोर खरंच सुटला का?

दोर वर गेला की त्याच्याखाली बलरेषा ताणल्या जातात, एकमेकींना भिडतात आणि त्यांची पुनर्जोडणी होते. खालच्या बाजूला नव्या, तापलेल्या कमानी बनतात. त्यामुळे तीन ठसे उमटतात. तटस्थ रेषेच्या दोन्ही बाजूंना उजळ पट्ट्या, एच-अल्फात आणि १६०० मध्ये, एकमेकींपासून दूर सरकणाऱ्या. मग १९३ मध्ये आणि ज्वाला जोरदार असेल तर ९४ मध्ये कमानींची रांग, काही तास तग धरणारी. आणि दोराच्या दोन टोकांशी १९३ मध्ये काळवंडलेले प्रदेश, कारण तिथला प्लाझ्मा दोराबरोबर निघून गेला.

काळवंडणं पाहायला चालू चित्रातून उद्रेकाआधीचं एकच ठरलेलं चित्र वजा करा. आधीच्या क्षणाचं चित्र वजा करत गेलात तर हालचाल उठून दिसते, पण काळं-पांढरं फसवं असतं: नुसतं सरकणाऱ्या गोष्टीच्या मागेही काळी सावली पडते.

शांत प्रदेशातल्या उद्रेकात क्ष-किरणांचा आलेख फारसा हलत नाही. ज्वाला नाही म्हणून सीएमई नाही असं समजू नका. २९ सप्टेंबर २०१३ रोजी असंच मोठं शांत फिलामेंट सुटलं, मागे ठळक दोन पट्ट्यांची दरी सोडून, आणि त्याचा सीएमई पृथ्वीपर्यंत पोहोचला. उलट ७ जून २०११ च्या उद्रेकात एम२.५ (मध्यम श्रेणीची) ज्वाला झाली, प्रचंड माल उसळला आणि त्यातला बराचसा पावसासारखा बिंबावर परत पडला. तरी दोर बाहेर गेलाच. पडणारा माल पाहून उद्रेक फसला असं लिहून टाकण्याची घाई करू नका. ठसे तपासा, मग कोरोनाग्राफ.

वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास सुमारे तीन आठवडे, एसडीओ रोज काही वेळ पृथ्वीच्या सावलीत जातं, कधी ७२ मिनिटांपर्यंत. त्या वेळात नेमका उद्रेक झाला तर गाँगचा एच-अल्फा आणि स्टिरिओ-ए यांवर भागवावं लागतं.

पायरी ८: ढग, वेग, वेळ आणि दिशा

लॅस्को सी२ मध्ये साधारण अर्ध्या ते दीड तासात ढग दिसतो. फिलामेंटचा सीएमई असेल तर बऱ्याचदा तीन भाग असतात: पुढची उजळ कड, मागची अंधारी पोकळी (हाच दोर) आणि तिच्या तळाशी उजळ गाभा (हाच आपला माल). प्रभावळीसारखा सगळीकडून पसरणारा ढग आला तर तो आपल्याकडे येतोय की सूर्यामागून दूर जातोय हे लॅस्को एकट्याने सांगू शकत नाही. बिंबावर सातव्या पायरीतला ठसा आहे का, हेच उत्तर. आणि ठशाची वेळ व जागा ढगाच्या वेळेशी आणि दिशेशी जुळते का हे दोनदा बघा; एकाच दिवशी तीन घटना घडतात तेव्हा भलत्याच फिलामेंटच्या नावावर भलताच ढग जमा होतो.

लॅस्कोतला वेग हा आकाशाच्या प्रतलातला असतो. पृथ्वीकडे येणाऱ्या ढगाचा खरा वेग त्यावरून कमी वाटतो. ढोबळ हिशोब: ८०० किलोमीटर प्रति सेकंदाने १४.९६ कोटी किलोमीटर म्हणजे ५२ तास. वेगवान ढग सौरवाऱ्यात मंदावतो, संथ ढग ओढला जातो. पूर्ण मॉडेल वापरूनही पोहोचण्याच्या वेळेत दहाएक तासांची चूक नेहमीची, म्हणून ‘अमुक वाजता’ असं न लिहिता पल्ला लिहा. २१ एप्रिल २०२३ ला एम१.७ ज्वालेसह सुटलेल्या फिलामेंटचा ढग दोन दिवसांत आला आणि २३ तारखेला जी४ (पाचांपैकी चौथ्या, तीव्र) दर्जाचं भूचुंबकीय वादळ झालं. ज्वालेची श्रेणी पाहून कुणी एवढ्या वादळाची अपेक्षा केली नसती. वादळ ठरवतं ते दोरातल्या क्षेत्राचं दक्षिणेकडे असणं.

इथे तिसरी पायरी कामाला येते. दोराच्या वरच्या बाजूचं क्षेत्र छपराच्या दिशेने, म्हणजे धन बाजूकडून ऋण बाजूकडे असतं, आणि वरची बाजूच पृथ्वीवर आधी आदळते. फिलामेंट साधारण आडवं, पूर्व-पश्चिम असेल आणि धन ध्रुवता त्याच्या उत्तरेला असेल, तर दोराचा पुढचा भाग दक्षिणमुखी, मागचा उत्तरमुखी. धन दक्षिणेला असेल तर उलटा क्रम: आधी उत्तरमुखी, वादळ उशिरा, मागच्या भागात. फिलामेंट उभं, उत्तर-दक्षिण असेल तर कण्यातलं क्षेत्रच ठरवतं, आणि ते दक्षिणेकडे असेल तर दोराच्या मधल्या काळात दीर्घ वादळ होऊ शकतं. कण्याची दिशा काढताना एक सावधगिरी: उत्तर वर ठेवलेल्या चित्रात, धन बाजू वर असलेल्या डेक्स्ट्रल फिलामेंटचं क्षेत्र चित्रात डावीकडे जातं. तुम्ही धन बाजूला उभे राहून खाली तोंड केलेलं असतं, तेव्हा तुमचा उजवा हात चित्राच्या डावीकडे येतो.

वाटेत दोर वळतो याची जागा ठेवा. डाव्या पिळाचा दोर वर जाताना वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, उजव्या पिळाचा घड्याळाच्या दिशेने. ३०४ मध्ये उठणाऱ्या कण्याचा कोन बदलताना दिसला तर तेवढा बदल अंदाजात धरा. शिवाय जवळ कोरोनल होल असेल तर दोर त्याच्यापासून दूर ढकलला जातो.

ढग एल१ वर आला की आधी धक्क्याची उडी, मग खळबळ, आणि त्यानंतर क्षेत्र सावकाश, एकसारखं वळताना दिसतं. ते वळणं म्हणजेच तुमचा दोर. उत्तर-दक्षिण घटक कुठल्या क्रमाने वळला ते तिसऱ्या पायरीतल्या नोंदीशेजारी लिहा. सेकंदाला ६०० किलोमीटरने येणाऱ्या ढगासाठी एल१ ते पृथ्वी हा वेळ फक्त ४० मिनिटांच्या आसपास असतो.

उद्रेकानंतर जागेवर लक्ष ठेवा. माल गेला तरी तटस्थ रेषा आणि तिच्याभोवतीची तिरकी क्षेत्ररचना बहुधा शिल्लक असते, आणि काही दिवसांत त्याच वाटेवर नवं फिलामेंट साचू शकतं. जागेचे सौर अक्षांश-रेखांश, पीळ आणि तारीख लिहून ठेवा. सुमारे २७ दिवसांनी ती जागा परत समोर येते.